पाहुण्यांचा चुग्गा

भाद्रपदाचा वद्य पक्ष संपतो, गच्चीवर ठेवलेली काकबळीची पाने उचलली जातात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्या अंगणात एक निराळा पाहुणा उतरतो. शेपटी सतत खाली-वर हलवीत ओलसर जमिनीवर लगबगीने चालणारा हा करड्या-पांढऱ्या रंगाचा पक्षी. मराठीत त्याला धोबी किंवा परीट म्हणतात. त्याला कोणी निमंत्रण दिलेले नसते, त्याच्यासाठी पान मांडलेले नसते. तो हिवाळाभर राहतो, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास दिसेनासा होतो आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा हजर होतो. कावळा आपल्या कुळाचा, चिमणी आपल्या घराची. हा मात्र परदेशस्थ.

पक्ष्यांना घास घालण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. पितृपक्षातला काकबळी, लहान मुलाला भरवताना काढलेला चिऊ-काऊचा घास, गुजरातेतील गावोगावचे कोरीव चबुतरे, जैन समाजाने चालवलेली पांजरपोळे, या सर्वांतून भूतदयेचा एकच धागा गेलेला दिसतो. पण नीट पाहिले तर पक्ष्यांसाठीची ही व्यवस्था मुख्यतः आपल्यातच बारा महिने राहणाऱ्यांसाठी होती. हिवाळी पाहुण्यांशी शेतकऱ्याचे नाते बव्हंशी गोफणीचे राहिले. ज्वारी दाण्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरत आणि त्यांना हाकलण्यात पोरासोरांचे दिवस जात. करकोचे हरभऱ्यात वा गव्हात उतरले की त्यांचेही स्वागत तसेच होई. हजारो मैलांवरून येणाऱ्या पक्ष्याला ठरवून, हंगामभर, मापाने धान्य घालणारे गाव हा म्हणूनच एक अपवाद ठरतो. अशा एका गावाच्या निमित्ताने, पाहुण्या पक्ष्यांविषयी माणसाला काय कळत गेले आणि त्याच्या दाण्याने त्यांचे नेमके काय झाले, याचा थोडा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

ते गाव म्हणजे राजस्थानातील खीचन. थरच्या वाळवंटात, फलोदी शहराजवळ ते वसले आहे. पूर्वी ते जोधपूर जिल्ह्यात मोडत असे. २०२३ मध्ये फलोदी हा स्वतंत्र जिल्हा झाला. तांबूस दगडाच्या हवेल्या, त्यांतील कित्येकींना कुलपे, कारण ओसवाल व्यापारी कुटुंबे पोटापाण्यासाठी देशभर पांगलेली. पाऊस तुटपुंजा. पावसाचे पाणी साठवणारी तळी हाच गावाचा जुना आधार. त्यांना तिकडे नाडी म्हणतात. अशा या रुक्ष प्रदेशात दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून कुरजां येऊ लागतात. राजस्थानी लोकगीतांत परदेशी गेलेल्या पतीला निरोप पोहोचवणारी ती हीच कुरजां. मराठीत तिला कांड्या करकोचा म्हणतात. जगातील क्रौंचकुळाच्या पंधरा जातींपैकी ही सर्वांत लहान. राखी अंग, काळी मान, लालसर डोळे आणि कानामागून निघालेले पांढऱ्या पिसांचे झुपके. वजन साधारण दोन ते तीन किलो.

१९७० च्या दशकात या गावातील रतनलाल मालू या जैन गृहस्थांनी कबुतरे, चिमण्या अशा नेहमीच्या पक्ष्यांसाठी दाणा टाकण्यास आरंभ केला. त्यांच्या पत्नी सुंदरबाई यांचाही या कामात वाटा होता. त्या दाण्यावर एका हिवाळ्यात काही कुरजां उतरल्या. त्यांना कोणी हाकलले नाही. पुढच्या हंगामात अधिक आल्या. उघड्यावर कुत्र्यांचा त्रास होऊ लागला, तेव्हा गावाबाहेर कुंपण घातलेली जागा तयार झाली. तिला चुग्गाघर म्हणतात. चुग्गा म्हणजे पक्ष्यांना घालावयाचा दाणा. आरंभी शंभराच्या आत असलेली पक्ष्यांची संख्या काही दशकांत हजारांवर गेली आणि अलीकडच्या काळात एका हंगामात वीस हजारांहून अधिक कुरजां येथे येतात असे सांगितले जाते. दिवसाला लागणारे धान्य, मुख्यतः ज्वारी, क्विंटलांच्या हिशेबाने मोजावे लागते. खर्च दूरदूरच्या शहरांत व्यापार करणाऱ्या गावकऱ्यांच्या आणि इतर दात्यांच्या देणग्यांतून भागतो. पहाटे थवे प्रथम आजूबाजूच्या वाळूवर उतरतात, धोका नाही अशी खात्री करून घेतात आणि मग कुंपणाच्या आत पाळीपाळीने शिरतात. दाणा टिपून झाला की ते तळ्यांकडे जातात. तेथे पाणी पितात आणि दाणा दळण्यासाठी बारीक खडे गिळतात.

या हकिकतीत काहीही अद्भुत नाही, आणि तिचे मोल त्यातच आहे. गावाने कोणता प्रकल्प आखला नव्हता. रोजचा एक धर्म पाळला जात होता, त्यात अनोळखी पाहुणा येऊन बसला, आणि गावाने त्याला पंगतीतून उठवले नाही.

हे पाहुणे येतात कोठून, हा प्रश्न मात्र माणसाला खीचनच्या कितीतरी आधीपासून पडलेला आहे. मेघदूतात कालिदासाने पावसाळ्याच्या तोंडाशी हंसांना मानससरोवराकडे जाताना दाखवले आहे आणि हिमालयातील क्रौंचरंध्र हे त्यांचे द्वार म्हटले आहे. पक्षी ऋतूप्रमाणे हिमालय ओलांडतात, ही जाणीव आपल्या काव्यपरंपरेत अशी पूर्वीपासून आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने क्रौंच पक्षी सिथियाच्या गवताळ प्रदेशातून नाईलच्या उगमाकडील दलदलीत जातात असे लिहून ठेवले; ते बरेचसे बरोबर होते. परंतु त्यानेच काही पाकोळ्या पिसे झाडून बिळांत हिवाळा काढतात आणि काही पक्षी ऋतूबरोबर दुसऱ्याच जातीत रूपांतरित होतात, असेही लिहिले. क्रौंच मोठा, कळपाने आणि मोठ्याने ओरडत जाणारा. त्याचा मार्ग डोळ्यांना दिसे. लहान पक्षी रात्री निघून जात, म्हणून त्यांच्याविषयी तर्क लढवावे लागत. हा तर्क पुढे दोन हजार वर्षे टिकला. स्वीडनचा धर्मगुरू ओलाउस मॅग्नुस याने १५५५ च्या ग्रंथात कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर पाकोळ्या निघत असल्याचे चित्र दिले आहे. पाकोळ्या हिवाळाभर पाण्याखाली निजतात, अशी तेव्हाची समजूत होती.

त्या समजुतीला धक्का देणारा पुरावा १८२२ मध्ये जर्मनीत मिळाला. क्ल्युट्झ या गावाजवळ मारल्या गेलेल्या एका बलाक पक्ष्याच्या मानेत आरपार गेलेला भाला होता आणि तो मध्य आफ्रिकेतील होता. जखम अंगावर वागवीत तो पक्षी युरोपात परतला होता. रोस्टॉकच्या विद्यापीठात तो आजही जतन केलेला आहे. पुढे १८९९ मध्ये डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची क्रमांकित कडी घालण्यास सुरुवात केली. ज्याला तो पक्षी सापडेल त्याने क्रमांक कळवावा, एवढीच ही योजना. शासकीय सेवेत नोंदवह्यांच्या सहवासात आयुष्य घालवलेल्या माणसाला या पद्धतीचे विशेष कौतुक वाटते. प्रवाशाच्या पायातच आवक-जावक क्रमांक बांधून दिला की जगातील कोणीही वाचक त्याचा कारकून होऊ शकतो.

माळव्यातील मराठी वाचकांनी येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. आपल्या देशात हे काम प्रथम झाले ते पवारांच्या धार संस्थानात. १९२६-२७ च्या सुमारास तेथे हिवाळी बदकांच्या पायांत कडी घालण्यात आली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा या कामाशी संबंध होता. ज्या तळ्यांवर संस्थानिकांच्या शिकारी होत, त्याच तळ्यांवरील बदकांचा माग अशा रीतीने मध्य आशिया आणि सायबेरियापर्यंत लागू लागला. आपल्या गावकुसाबाहेरच्या तळ्याचे नाते किती दूरच्या गवताळ प्रदेशांशी जोडलेले आहे, याचा हा लेखी पुरावा होता.

पुढे या कामाला वेग आला तो एका संशयामुळे. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ज्वर येऊ लागला. त्या रोगाचा विषाणू रशियातील एका विषाणूच्या जवळचा निघाला. तेव्हा हा रोग उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तर आणला नाही ना, अशी शंका घेतली गेली. ती तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि भरतपूरसारख्या ठिकाणी हजारो पक्ष्यांच्या नोंदी झाल्या. पाहुण्यांवरील आरोप टिकला नाही. तो विषाणू स्थानिक जंगलातला, गोचिडांतून पसरणारा निघाला. पण आरोपाची चौकशी नीट झाल्यामुळे आरोपींचा पत्ता मात्र आपल्याला कायमचा मिळाला.

कुरजांचा पत्ताही आता ठाऊक झाला आहे. मंगोलिया, कझाकस्तान आणि त्या पट्ट्यातील गवताळ मैदाने हे त्यांचे माहेर. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे पाठीवर वा पायात बसवून त्यांचा प्रवास नोंदला गेला, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट उघड झाली. मंगोलियातील कुरजां शरद ऋतूत थेट हिमालय ओलांडून भारतात उतरतात. नेपाळातील काली गंडकीचे खोरे हा त्यांचा प्रसिद्ध मार्ग. तेथे सोनेरी गरुड त्यांच्या वाटेवर टपून असतात. वसंतात परतताना मात्र त्या हिमालयाला पश्चिमेकडून वळसा घालून, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानच्या बाजूने जातात. येण्याची वाट एक, जाण्याची दुसरी. त्या परतीच्या वाटेवर, पाकिस्तानच्या वायव्येकडील कुर्रम नदीच्या खोऱ्यासारख्या भागांत, क्रौंच पकडण्याची जुनी चाल आहे. पाळीव क्रौंचांच्या आवाजाने थवा खाली ओढायचा आणि वजन बांधलेल्या दोऱ्या हवेत फेकून त्यांत पक्षी अडकवायचे. खीचनमध्ये ज्याच्यापुढे ज्वारी टाकली जाते, तोच पक्षी महिन्याभराने दोरीत गुंतू शकतो. पाहुणा आपल्या दारी सुखरूप होता, एवढ्याने त्याच्या प्रवासाची हमी मिळत नाही.

आता दुसरा प्रश्न. हे पक्षी दाण्यासाठी येतात का? आणि दाणा चालूच ठेवला तर ते जायचे थांबतील का? ही शंका केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत आणि कॅनडात अंगणात दाणा टांगणाऱ्या कुटुंबांनाही ती पडत आली आहे. शरद ऋतूत दाणा काढून घेतला नाही तर पक्षी थंडीत अडकून मरतील, असे तेथे अनेक जण मानत. याचे उत्तर कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन या प्राध्यापकाने १९२४ पासून केलेल्या प्रयोगांनी दिले. जंको नावाचे चिमणीएवढे पक्षी त्याने उघड्यावरच्या पिंजऱ्यांत, कडाक्याच्या थंडीत ठेवले. काहींच्या पिंजऱ्यात विजेचे दिवे लावून त्याने त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवत नेला. बाहेर बर्फ असतानाही दिव्याखालच्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत ऋतूतील बदल घडून आले; दिव्याविना ठेवलेल्यांत ते घडले नाहीत. म्हणजे प्रस्थानाची घंटा वाजवतो तो लांबत जाणारा वा आखडत जाणारा दिवस. हवामान, वारा आणि अंगावरची चरबी यांवर निघण्याची नेमकी वेळ ठरते, पण मूळ सूचना आभाळातून येते.

खीचनमध्ये हे दर वर्षी पाहावयास मिळते. मार्च उजाडतो, चुग्गाघरात ज्वारी पडलेली असते, तरी थवे उंच घिरट्या घेऊ लागतात आणि थोड्याच दिवसांत मैदान रिकामे होते. दाणा त्यांना बोलावत नाही आणि अडवूनही ठेवत नाही. थरच्या प्रदेशात ते दाण्यावाचूनही आले असतेच. पूर्वापार येतच होते. दाण्याने फक्त एवढे केले की विस्तीर्ण मुलखात विखुरलेले हजारो पक्षी एका गावाच्या कडेला गोळा केले.

याच ‘फक्त’मध्ये पुढचा सारा प्रश्न दडलेला आहे, कारण गोळा झालेल्या पक्ष्यांचे हित-अहित विखुरलेल्या पक्ष्यांपेक्षा वेगळे असते. ब्रिटनमध्ये १८९०-९१ चा हिवाळा अतिशय कडक गेला, तेव्हा वृत्तपत्रांनी लोकांना पक्ष्यांसाठी तुकडे टाकण्याचे आवाहन केले. १९१० पर्यंत तेथे हा सार्वत्रिक छंद झाला होता. पुढे त्याचा मोठा व्यापार झाला, आणि त्याचबरोबर त्याचे शास्त्रही झाले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९७६ पासून अंगणात येणाऱ्या पक्ष्यांची हिवाळी मोजणी सुरू झाली आणि १९८७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या साहाय्याने ती सबंध खंडावर पसरली. हजारो घरांतून सामान्य गृहस्थ आणि गृहिणी आठवड्याच्या नोंदी पाठवतात आणि त्यांवरून कोणती जात उत्तरेकडे सरकते आहे, कोणती घटते आहे, हे कळते.

या नोंदींतून दाण्याचे दोन परिणाम स्पष्ट झाले. पहिला चकित करणारा. ब्लॅककॅप नावाचा काळ्या टोपीचा लहानसा पक्षी मध्य युरोपातून हिवाळ्यात स्पेन आणि भूमध्य समुद्राकडे जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांपैकी काही पक्षी वायव्येकडे, ब्रिटनमध्ये हिवाळा काढू लागले. जर्मन शास्त्रज्ञ पीटर बेर्टहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले की ही नवी दिशा पिल्लांना जन्मतःच मिळते, शिकवावी लागत नाही. ब्रिटनमधील अंगणांच्या नोंदींवर आधारित २०१५ च्या अभ्यासाने या बदलाचा संबंध सौम्य होत चाललेल्या हिवाळ्याशी आणि बागांत मिळणाऱ्या दाण्याशी जोडला. दाण्याने पक्ष्याला प्रवासाला लावले नाही. पण चुकून वेगळ्या दिशेला गेलेल्यांना त्याने जगवले, आणि जगलेल्यांची दिशा वंशात उतरली. परसदारच्या मूठभर दाण्याचा इतका दूरगामी परिणाम होत असेल, असे तो टाकणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

दुसरा परिणाम दुःखद. २००५ पासून ब्रिटनमधील ग्रीनफिंच या पक्ष्यांत घशाचा एक परजीवी रोग पसरला. दाण्याच्या आणि पाण्याच्या जागी एकमेकांच्या लाळेने दूषित झालेले अन्न हा त्याच्या प्रसाराचा मार्ग. एके काळी अंगणोअंगणी दिसणारी ही जात इतकी घटली की २०२१ मध्ये तिला तेथील धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत घालावे लागले. दाणा टाकणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. दाण्याची ताटे तशी राहिली नव्हती.

आपल्याकडेही या प्रश्नाने दार ठोठावले आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात जोधपूर जिल्ह्यातील कापरडा येथे कुरजां मरू लागल्या. मृत पक्ष्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तपासले असता बर्ड फ्लूचे निदान झाले. तो रोग चुग्ग्यामुळे आला असे म्हणण्यास आधार नाही. पण जेथे पक्षी दाटीने राहतात तेथे रोगाला पसरण्यास सोपे जाते, एवढे मात्र खरे. आणि खीचनची दाटी मोठी आहे. दिल्लीत यमुनेच्या घाटांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या कुरव पक्ष्यांना लोक तळलेली शेव टाकतात. छायाचित्रे सुंदर निघतात. पण मासे आणि जलकीटक खाणाऱ्या पक्ष्याला तेल आणि मीठ चारणे हे आतिथ्य कसे म्हणावे?

मुंबईत २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला, तोही येथे आठवतो. माणसांच्या श्वसनाच्या विकारांचा मुद्दा पुढे आला, महापालिकेने कबुतरखाने बंद केले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ज्यांच्या श्रद्धेचा तो भाग होता त्यांनी विरोध केला. भूतदयेचा उगम दोन्हीकडे एकच. मग खीचनचे कौतुक आणि दादरचा वाद असे का व्हावे? एक मोठा भेद असा की कुरजां परत जातात. तिला मिळणारा दाणा हंगामी असतो, उरलेले महिने मैदान मोकळे राहते, उन्हात तापते, स्वच्छ होते. तिची वीण दूरच्या गवताळ प्रदेशातील परिस्थितीवर अवलंबून असते. कबुतर जात नाही. त्याच्यासाठी दाणा हा बारमाही शिधा होतो आणि तो जितका वाढेल तितकी त्याची संख्या वाढते. अतिथी या शब्दाची फोड आपण ज्याला येण्याची तिथी नाही तो, अशी करतो. पण पाहुणचार पेलतो तो पाहुण्याला जाण्याची तिथी असते म्हणून, हेही अनुभवाने पटते.

खीचनच्या गावकऱ्यांना दाण्यापलीकडच्या गोष्टी हळूहळू उमगत गेल्या. पहिली गोष्ट पाण्याची. रातडी नाडी आणि विजयसागर ही तेथील तळी नसती, तर कितीही ज्वारी टाकूनही एवढे पक्षी टिकले नसते. ती तळी पक्ष्यांसाठी खोदलेली नव्हती. गावाने आपल्या तहानेसाठी राखली होती. दुसरी गोष्ट आभाळाची. वस्ती वाढली तशा चुग्गाघराच्या आसपास विजेच्या तारा आल्या आणि सकाळच्या धूसर उजेडात उतरणारे पक्षी त्यांना धडकून मरू लागले. गावातील पक्षिप्रेमींनी त्याविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठवला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत नेले. दाणा टाकण्यास औदार्य पुरते. तार हलवण्यासाठी अर्ज, पाठपुरावा आणि चिकाटी लागते. पुण्याच्या हिशेबात या दुसऱ्या कामाला सहसा जागा नसते, पण पक्ष्याच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे. तिसरी गोष्ट मान्यतेची. जून २०२५ मध्ये खीचनचा आणि उदयपूरजवळील मेनार या गावच्या तळ्यांचा रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत समावेश झाला. इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झालेला हा करार पाणथळींच्या रक्षणासाठी आहे. तेव्हा खीचनला मिळालेला हा मान चुग्गाघराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्या तळ्यांचा आहे.

या ठिकाणी आपल्या शहरांकडे वळावेसे वाटते. इंदूरचे सिरपूर तळे आणि गंभीर नदीवरचा यशवंतसागर ही दोन्ही जलाशये होळकर राजवटीची देणगी. प्रजेला पाणी मिळावे म्हणून ती बांधली गेली. पक्षी नंतर आपले आपण आले. २०२२ मध्ये दोन्हींना रामसर यादीत स्थान मिळाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर या शहरांना त्या कराराखाली पाणथळ-नगर अशी मान्यता मिळाली. भारतातील ही पहिली दोन शहरे. बडोद्याच्या वाचकांना डभोईजवळचा वढवाणा तलाव ठाऊक असेल. गायकवाडी राज्यात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलावही २०२१ मध्ये याच यादीत गेला. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी राजवटींनी मागे काय ठेवले, याची चर्चा आपण राजवाडे, ग्रंथालये आणि नाट्यगृहे यांच्याभोवती करतो, आणि ती योग्यच आहे. त्या यादीत ही तळीही असावीत. मध्य आशियातून येणाऱ्या बदकाला होळकर आणि गायकवाड हे शब्द ठाऊक नाहीत. त्यांचे पाणी मात्र त्याला ठाऊक आहे. गाळ, सांडपाणी आणि काठावर चढत जाणारी बांधकामे यांनी ते पाणी गेले, तर परसात टांगलेल्या दाण्याच्या कितीही वाट्या त्याची भरपाई करू शकणार नाहीत.

मग दाणा टाकूच नये काय? तसे म्हणणे हा अतिरेक होईल. खीचनच्या इतिहासाचा निष्कर्ष तसा नाही. तेथे दाण्याने आधी माणसे जोडली. दाण्यामुळे पक्षी डोळ्यांसमोर आले, डोळ्यांसमोर आले म्हणून त्यांचे मरण खुपले, आणि खुपले म्हणून तारांचा आणि तळ्यांचा विचार झाला. मात्र दाणा टाकणाऱ्याने चार पथ्ये पाळावीत. दाणा त्या पक्ष्याचा नैसर्गिक आहार असावा, तळलेले वा खारवलेले काही नसावे. जागा आणि पाण्याचे भांडे नियमित घासून धुवावे. पक्षी आजारी वा मेलेले दिसले तर दाणा ताबडतोब थांबवावा, मृत पक्ष्याला हात लावू नये आणि पशुवैद्यकीय खात्यास कळवावे. आणि चौथे, जे धोब्यासारखे पक्षी कीटकांवर जगतात आणि आपला दाणा खाणारच नाहीत, त्यांच्यासाठी अंगणाचा एक कोपरा फरशीवाचून, औषधाच्या फवाऱ्यावाचून सोडावा. त्यांच्यापुरते तेच पान वाढलेले असते.

याबरोबर एक वही असावी. आशियातील पाणपक्ष्यांची जानेवारीतील मोजणी १९८७ पासून चालू आहे आणि ती बहुतांशी हौशी लोकांच्याच बळावर चालते. तिच्यात भाग घेणे सर्वांना जमेलच असे नाही. पण आपल्या अंगणात पहिला धोबी कोणत्या तारखेला दिसला आणि शेवटचा कोणत्या, एवढे लिहून ठेवण्यास निवृत्त माणसाला अडचण नसावी. या पत्रिकेचे वाचक ग्वाल्हेरपासून हैदराबादपर्यंत आणि बडोद्यापासून बेळगावपर्यंत पसरलेले आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकणाऱ्या पाहुण्याची वाट मोजण्यास याहून सोयीची मांडणी कोणती? प्रत्येकाने आपली तारीख, गाव आणि पक्ष्याचे नाव पोस्टकार्डावर लिहून संपादकांकडे पाठवले, तर दोन-चार हिवाळ्यांत एक लहानसा तक्ता तयार होईल. येत्या पितृपक्षानंतर ही नोंद सुरू करता येईल.